माझ्या हाताचं माप

अव्वा,

आज दुपारी तुझा असा राग आला की हातातली कपबशी मी ओट्यावर आपटली आणि बशीचा टवका उडाला. तू जाऊन तीस वर्षं उलटली, आता रागावून कुणाला काय मिळणार आहे, पण आला. निमित्त सुनेचं. तिला हौस आली आहे जुन्या साड्यांची गोधडी शिवायची. ती फोनमध्ये काहीतरी बघत बसली होती आणि बघता बघता तिनं मला विचारलं, "आई, एका गोधडीला किती साड्या लागतील हो?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता मी सांगून टाकलं, की एका साडीचे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की एक थर होतो, म्हणजे तळाला एक साडी, वर एक, आणि पोटात विरलेल्या दोन. अंगाखालची लांबी अडीच वार हवी असेल तर फाडताना पावणेतीन फाड, कारण टाके पडत जातात तसं कापड आवळतं. काठाच्या पट्ट्या आधीच बाजूला काढ, शेवटी त्याच कमी पडतात. आणि जुन्यात नवं कापड घालू नकोस, पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही, मग वाकळीला फुगे येतात. फोन खाली ठेवून ती म्हणाली, "आई, तुमचा अंदाज किती पक्का आहे हो!" बास. एवढंच बोलली बिचारी, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा कसला अंदाज? शब्द न् शब्द माझ्या आईचा, तुझा. तुझ्या तोंडातलं जसंच्या तसं माझ्या तोंडातून बाहेर पडलं, आणि मला ते नको होतं.

तुझ्या अंदाजाचा तेव्हा काय गवगवा होता गं! मिलच्या चाळीतली आपली एक खोली, आणि तिच्या दारात पार मंगळवेढ्याहून एस्टीनं आलेल्या बायका गाठोडी घेऊन बसलेल्या. सगळ्या सोलापुरात चादरी विणतात, पण थंडीत अंगावर घ्यायला बायकांना वाकळच लागायची, आणि ती तुझ्याच हातची. तू गाठोडं सोडायचीस, एकेक लुगडं दाराच्या उजेडाला धरायचीस, बसून बसून विरलेला भाग बोटानं चाचपून बाजूला टाकायचीस, आणि सगळं एकदा बघून घेऊन म्हणायचीस, "साकु." पुरे. घरात आपण कानडी बोलायचो आणि गिऱ्हाइकाशी मराठी, पण हा एक शब्द तू सगळ्यांना कानडीतच सांगायचीस आणि तो सगळ्यांना कळायचा. तू साकु म्हटल्यावर कुणाला आणखी एक धोतर आणावं लागलं, असं कधी झालं नाही. शिवून जे उरायचं, ती बोटभर चिंधीसुद्धा, तू वाकळीच्या कोपऱ्याला गाठ मारून परत द्यायचीस. त्या गाठीचा तुला केवढा तोरा होता. आणि माप घ्यायची तुझी ती ऐट. ताठ उभं राहायचं, कापडाचं टोक नाकाच्या शेंड्याला लावायचं, तोंड डावीकडे पार वळवायचं, उजवा हात सरळ लांब करून बोटांच्या चिमटीत कापड धरायचं. हा एक वार. माप उजव्याच हातानं. डाव्या हातानं दुसऱ्याचं कापड मोजलं तर ते पुरत नाही, असं तुझं म्हणणं, आणि त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मी त्या साली मॅट्रिकला होते. आपल्या रांगेतली एकही पोरगी तिथवर पोचली नव्हती. अप्पा पाळीवरून आले की माझ्या भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे बघत बसायचे, त्यांना वाचता येत नव्हतं तरी. तुझाही विरोध नव्हता, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. "पास झालीस तर मास्तरीण होशील की," असं तू एकदा चाळीतल्या बायकांच्या देखत म्हणाली होतीस. मी ते धरून बसले होते. मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

मग दसऱ्याचं धुणं आलं. घरातली सगळी अंथरुणं हौदावर. भिजलेली वाकळ म्हणजे काय वजन असतं! ती पिळताना तू शेवाळावरून घसरलीस आणि उजव्या हातावर पडलीस. कोपर मोडलं. अप्पा म्हणत होते सरकारी दवाखान्यात जाऊ, पण तू हाडवैद्याकडेच गेलीस, त्यानं बांबूच्या कांबी बांधल्या, सहा आठवडे हात गळ्यात. कांबी सोडल्या तेव्हा हात काही पुरता सरळ झाला नाही. थोडाच वाकडा राहिला. पदराखाली धरला तर कळायचंसुद्धा नाही. पण त्या हातात सुई धरता येईना, आणि दारात तर गाठोडी येऊन पडलेली. तेव्हा ठरलं की मोजून फाडायचं तू आणि शिवायचं मी. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि वाकळीवर बसायचं. कडेनं सुरू करून गोल गोल आत जायचं, बोटभर अंतरावर ओळी, मध्ये पोचेपर्यंत पंधरा दिवस. मी कुरकुर केली नाही. तुला दुखत होतं, आणि ते मला दिसत होतं.

मंगळवेढ्याच्या मावशी आल्या तो दिवस मला अजून तोंडपाठ आहे. त्यांची माणसं हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या राखणीला रानात झोपायची, त्यांच्यासाठीची ती वाकळ. आदल्या आठवड्यात घेऊन गेल्या होत्या, आणि ती काखेत मारून परत आल्या. भांडायला नाही हं, संकोचून. "बाई, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण पाय उगडं पडत्यात की. तोंडावर घेतली की पाय उगडं, पायावर घेतली की डोकं. तुमच्या हातची अशी कदी झाली न्हवती." तू वाकळ जमिनीवर पसरलीस आणि वितीनं मोजलीस. जवळजवळ एक वीत कमी भरली. मी बघत होते. तू एकदाही स्वतःच्या हाताकडे बघितलं नाहीस. वाकळ उलटी केलीस, माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलंस, आणि माझ्याकडे तोंड न करता बोललीस, "पोरीचा हात आवळ हाय. दोरा वडून धरतीया. लक्ष कुटं हाय तिचं, सगळं ध्यान त्या पुस्तकात. उसवून नीट करून देते." आणि हे मराठीत. माझ्याशी तू जन्मात मराठीत बोलली नव्हतीस. त्या बाईला कळावं म्हणून मराठीत. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

उसवायला लावलंस ना. पंधरा दिवसांचे टाके मी चार दिवस उसवत होते, एकेक दोरा दातानं तोडत, शाळा बुडवून. परत शिवली, सैल हातानं. फाडलेलं कापडच कमी, तर ती लांब कुठून होणार? चार बोटं वाढली असेल. मग काठाला पट्टी जोडून तू ती कशीबशी भागवलीस. पुढची वाकळ, तीही कमी. ती सैल शिवली होती तर तू, आता कानडीत, म्हणालीस, "असले ढिलाढाले टाके कुणी सांगितले? पहिल्या धुण्यात पोट सरकंल." आवळ शिवलं तर हात आवळ, सैल शिवलं तर काम ढिलं. सांग ना, मी करायचं तरी काय होतं? माझ्या बोटांना भोकं पडली होती. पूर्वपरीक्षेला मी गणितात नापास झाले, आयुष्यात पहिल्यांदा. आणि गल्लीत झालं, की हिच्या पोरीचा हात कोता. पाण्याला गेले की बायका हसून विचारायच्या, "काय गं, आज किती वीत खाल्लीस?" मी सोळा वर्षांची होते. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन रोज त्यांच्यासमोरून घागर न्यायची म्हणजे काय, ते तुला कधी कळलंच नाही. कळलं असेल तर आणखी वाईट.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून टेप मागून आणली. तू झोपली होतीस दुपारची. तुझा हात मोडण्याआधी तू मोजून बांधून ठेवलेली एक पट्टी होती गाठोड्यात, एक वाराची. ती मोजली. मग सकाळीच तू फाडलेली दुसरी मोजली. तब्बल चार बोटांचा फरक. अडीच-पावणेतीन वारात तेवढाच फरक धरला की बरोबर वीतभर येतं. मला गणितात नापास केलं होतं, पण एवढं गणित मला येत होतं. तू उठल्यावर मी तुझ्यासमोर दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. हळू बोलले, उद्धटपणा केला नाही. म्हटलं, अव्वा, तुझा हात सरळ होत नाही, म्हणून तुझा वार आखूड झालाय, माझ्या टाक्यांचा दोष नाही. डाव्या हातानं मोज, नाहीतर काठीवर खूण करून देते. तू त्या पट्ट्यांकडे बघितलंस. मग पदर ओढून हात झाकलास. "काठीला जीव हाय व्हय?" तू म्हणालीस. "कापड ताणून धरलं का सैल, काठीला कळतंय?" आणि दोन्ही पट्ट्या गोळा करून गाठोड्यात कोंबल्यास. मारलं असतंस तरी चाललं असतं. तू मला उत्तरच दिलं नाहीस.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिलंस. मी वेणी घालत होते. तू हाक मारलीस, "इकडे ये, उभी राहा. हात पसर." मी उभी राहिले. तू कापडाचं टोक माझ्या नाकाला लावलंस, माझी हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलंस, आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांपर्यंत कापड ओढून नेलंस. आपल्या दोघींची उंची तेव्हा सारखीच झाली होती. "साकु," म्हणालीस. त्या दिवसापासून वाकळी बरोबर भरायला लागल्या. म्हणजे तुला पटलं होतं! सगळं पटलं होतं. तू माझा हात घेतलास, माझं म्हणणं मात्र घेतलं नाहीस. आणि हात घेतलास तो असा घेतलास, की सकाळी माप, दुपारी फाडणं, संध्याकाळी शिवणं. फेब्रुवारीत शाळा सुटली ती सुटलीच. परीक्षेचं विचारलं तर म्हणालीस, "पुढल्या साली बस की. परीक्षा कुठं पळून जाती?" अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ज्या दिवशी मराठीचा पेपर होता त्या दिवशी मी खोलीत उभी होते, नाकाला कुणाचं तरी जुनं लुगडं लावलेलं, आणि माझ्या वर्गातल्या पोरी हातात पुठ्ठा आणि दौत घेऊन दारावरून चालल्या होत्या. एकीनं थांबून आत बघितलं. तोंड वळवलेलं होतं म्हणून मला तिच्याकडे बघता आलं नाही. तेवढं एक बरं झालं.

पुढचं साल कधी आलंच नाही, ते तुलाही माहीत आहे. त्याआधी माझं लग्न झालं. बघायला आलेल्या बायकांनी विचारलं, पोरीला शिवण येतं का, तर तू काय सांगितलंस? "आदी हात लई आवळ व्हता, म्या सुदरवला." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासूनं ते लक्षात ठेवलं आणि बारा वर्षं मला ऐकवलं, कणीक मळताना, तेल ओतताना, पाहुण्यांना भात वाढताना, हिचा हात आवळ. मी जास्त वाढायला शिकले. अजून जास्त वाढते. पाहुणे नको नको म्हणतात तरी वाढते, आणि अन्न उरलं की सून बोलत नाही पण तिच्या तोंडावर दिसतं. हे सगळं तुझ्यामुळे, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझं सगळं मी केलं, पण हे विसरून केलं नाही. मला तुझ्याकडून फार काही नको होतं. परीक्षा गेली ती गेली. मला फक्त एक वाक्य हवं होतं, लोकांसमोर, मराठीत, की चूक माझी होती, पोरीची नव्हती.

आणि ते वाक्य तू बोललीस. हेच तर मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. परीक्षा होऊन गेली, उन्हाळा लागला, आणि मंगळवेढ्याच्या मावशी परत आल्या. या वेळी गाठोड्यात त्यांच्या मेलेल्या आईची दोन लुगडी होती. लेकीचं लग्न होतं, तिला आजीच्या लुगड्यांची वाकळ द्यायची होती. तू ती उजेडाला धरलीस आणि म्हणालीस, जेमतेम होईल, एक बोट वाया जाता कामा नये. मग मला हाक मारलीस. हात पसर. मी पसरला. तोंड मात्र मी डावीकडे पुरतं वळवलं नाही. सरळच ठेवलं. नाक पुढे राहिलं की वार आखूड भरतो, चार बोटांनी तरी. तू पुढे माझ्या बोटांशी कापड धरून उभी होतीस, तुझं लक्ष चिमटीकडे. साकु, म्हणालीस, खूण केलीस. मी परत तसंच केलं, आणि परत. तू फर्रकन फाडलंस. तो आवाज ऐकताना मला बरं वाटलं होतं, अव्वा. मला बघायचं होतं की आता तू कुणाचं नाव घेतेस. माझ्या टाक्यांच्या वाकळी आता बरोबर भरतात हे सगळी गल्ली बघत होती, आता कुणाचा हात आवळ म्हणशील?

मावशी न्यायला आल्या. तू पसरून दाखवलीस आणि पसरतानाच तुला कळलं. त्या बाईनं मोजलीसुद्धा नाही, नुसती त्या लुगड्याच्या काठावरून हात फिरवत बसली आणि तिचे डोळे भरले. दुसरी लुगडी कुठून आणणार ती? मी दाराशी उभी होते. वाट बघत होते. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग तो वाकडा हात पदरातून बाहेर काढलास, त्या बाईच्या समोर धरलास, आणि म्हणालीस, "माजा अंदाज चुकला. हात मोडला तवापास्नं माजं माप गेलंय. पोरीचं काय न्हाई त्यात. आदीच्या बी मीच बिगडवल्या." त्या दिवशी कोपऱ्यात पडलेली तिन्ही गाठोडी तू ज्याची त्याला परत केलीस. नंतर कुणाच्या कापडाला हात लावला नाहीस. मरेपर्यंत नाही. माझ्या लग्नातसुद्धा वाकळ तू शिवली नाहीस, चादर विकत आणलीस.

मग सांग, बघायला आलेल्या बायकांना परत तेच कशाला सांगितलंस? त्या दिवशी खरं बोललीस आणि दोन महिन्यांनी परत माझाच हात आवळ? तुला कळलं होतं का? माझी हनुवटी पहिल्या दिवशी तूच धरून वळवली होतीस, ती वळलेली नाही हे तुला दिसलं नसेल? दिसलं असेल तर तू मला वाचवलंस, आणि मग त्या बायकांसमोर त्याचा वचपा काढलास. दिसलं नसेल तर तू खरोखरच समजलीस की तुझा अंदाज गेला, आणि ते मी केलं. दोन्हींतलं कोणतं ते मी तुला विचारू शकले असते. वीस वर्षं तू जिवंत होतीस त्यानंतर. तुझ्या उशाशी बसून औषध पाजत होते तेव्हाही विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण विचारलं की सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा रागावणं सोपं होतं. तुझा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला आहे, आणि आजही तो खोटा नाही, परीक्षा तू बुडवलीस ती बुडवलीसच.

हे कागद मी कुठेही टाकणार नाही. तू असतीस तरी पाठवले नसते. तुला वाचता येत नव्हतं, मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. सगळं दाखवलं असतं मी, मराठीच्या पेपरापर्यंत, सासूपर्यंत, आवाज चढवून चढवून. मंगळवेढ्याच्या मावशी दुसऱ्यांदा आल्या ते पान मात्र मी वाचलं नसतं.